छायाचित्र-संपादन आणि मनोवस्थेचे चित्रण : राहुरीच्या संदर्भात फॅशन-व्यक्तिचित्रणाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

फॅशन-छायाचित्रणात नैराश्य, चिंता, एकाकीपणा यांसारख्या मनोवस्था सूचित करण्यासाठी संगणकीय संपादनाचा वापर केला जातो. एका चेहऱ्यावर दुसरा चेहरा रचणे, डोळे पुसट करणे, रंग उतरविणे, आकृती दुभंगलेली दाखविणे ही त्याची परिचित तंत्रे होत. ही तंत्रे संगणकयुगातील वाटली, तरी त्यांच्यामागील प्रश्न जुना आहे. चेहऱ्यावरून मन वाचता येते काय? आणि येत नसेल, तर दुसऱ्याचे मन चित्रातून दाखविण्याचा अधिकार कोणाला? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा ऐतिहासिक क्रमाने विचार केला असून, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरीचे उदाहरण त्यासाठी मध्यवर्ती मानले आहे.

चेहरा : निदानाचे साधन

मनोरुग्णांच्या व्यक्तिचित्रणाचा पहिला पद्धतशीर प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. सरे परगण्याच्या मनोरुग्णालयातील स्त्री-विभागाचे प्रमुख डॉ. ह्यू वेल्च डायमंड यांनी आपल्या रुग्णांची छायाचित्रे घेतली आणि १८५६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्याविषयीचा निबंध सादर केला. रोगाचे निदान, पुन्हा दाखल होणाऱ्या रुग्णाची ओळख आणि रुग्णाला स्वतःचे चित्र दाखवून करावयाचा उपचार असे छायाचित्राचे तीन उपयोग त्यांनी मांडले. कॅमेरा खोटे बोलत नाही, ही श्रद्धा त्यामागे होती. परंतु १८५८ मध्ये डॉ. जॉन कोनोली यांनी याच छायाचित्रांच्या आधारे लेखमाला लिहिली, तेव्हा ती शिळाछापाने छापण्यात आली. त्यासाठी प्रत्येक चेहरा चित्रकाराच्या हातून पुन्हा रेखाटला गेला. म्हणजेच ज्या चित्रांना निखळ पुरावा मानले गेले, ती वाचकांपर्यंत पोहोचेपर्यंत संस्कारित झालेली होती.

रचलेले दुःख

त्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्ह एकत्र करून ‘फेडिंग अवे’ हे चित्र तयार केले. मृत्युशय्येवरील तरुणी आणि तिच्याभोवतीचे कुटुंबीय असा त्याचा विषय होता. चित्रातील व्यक्ती प्रत्यक्ष दुःखात नव्हत्या. त्यांना तशा बसविले होते. तरीही प्रेक्षक अस्वस्थ झाले आणि इतका वेदनामय विषय छायाचित्रात घ्यावा काय, असा वाद निर्माण झाला. डायमंड यांनी भावना ‘सापडते’ असे मानले, तर रॉबिन्सन यांनी ती ‘रचता येते’ हे दाखविले. आजचे संपादित व्यक्तिचित्र या दुसऱ्या परंपरेचे वारस आहे.

भारतात संपादनाला वेगळे वळण मिळाले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. पुढे स्टुडिओंमध्ये निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करणे आणि छापील प्रतीवर रंग चढविणे हा व्यवसायाचाच भाग बनला. ख्रिस्तोफर पिनी यांनी ‘कॅमेरा इंडिका’ (१९९७) या ग्रंथात मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंचा अभ्यास केला आहे. अशा स्टुडिओतील चित्र व्यक्तीचे अंतरंग उघड करण्यापेक्षा तिला जे व्हावेसे वाटते ते रूप देते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मुंबईच्या फॅशन व चित्रपट क्षेत्रातील मराठी छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांच्या ‘फेसेस’ (१९९७) मधील चित्रणाचा कलही व्यक्तीचे उत्तम रूप दाखविण्याकडे आहे. या परंपरेत संपादनाने व्यथा झाकली. ती व्यक्त केली नाही.

राहुरी आणि ‘द वेफेअरर्स’

चेहऱ्यावरून मन वाचण्याच्या कल्पनेला या जिल्ह्यातील एका ग्रंथाने अप्रत्यक्षपणे आव्हान दिले. मेहेरबाबांनी १९३६ मध्ये राहुरी येथे वेडसर आणि ‘मस्त’, म्हणजे ईश्वरोन्मत्त मानलेल्या, व्यक्तींसाठी आश्रम सुरू केला. त्यांना स्नान घालणे, त्यांची दाढी करणे, त्यांना जेवू घालणे ही कामे ते स्वतः करीत. मस्तांविषयीच्या या कार्याचा वृत्तान्त इंग्रज डॉक्टर विल्यम डॉन्किन यांनी ‘द वेफेअरर्स’ या इंग्रजी ग्रंथात दिला. तो १९४८ मध्ये अहमदनगर येथूनच प्रकाशित झाला. त्यात मस्तांची छायाचित्रे आहेत.

या ग्रंथाचे अध्यात्मविषयक दावे मान्य असोत वा नसोत, छायाचित्रणाच्या इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षणीय ठरते. मस्त आणि मनोरुग्ण यांत भेद आहे, हे डॉन्किन यांचे मुख्य प्रतिपादन होय. मात्र तो भेद केवळ चित्रांतून सिद्ध होत नाही. विस्कटलेले केस, फाटके वस्त्र, शून्यात लागलेली दृष्टी ही चिन्हे दोन्हीकडे आढळू शकतात. त्यामुळे व्यक्तीचे नाव, गाव, वर्तन आणि भेटीचा वृत्तान्त शब्दांत द्यावा लागला. डायमंड यांचा चेहऱ्यावरील विश्वास येथे टिकत नाही.

फॅशन आणि वेदनेचे सौंदर्यीकरण

फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले आणि १९९४ च्या आवृत्तीत थरांची सोय झाली. रॉबिन्सन यांचे पाच निगेटिव्हचे काम आता कोणालाही करता येऊ लागले. दरम्यान फॅशनने मनोरुग्णालयाची प्रतिमाच वापरावयास घेतली. अलेक्झांडर मॅक्वीन यांनी २००१ च्या ‘वॉस’ या संग्रहासाठी तशा बंदिस्त कक्षाचा देखावा उभारला. स्टीव्हन मायझेल यांनी २००७ मध्ये ‘व्होग इटालिया’साठी व्यसनमुक्ती केंद्राच्या पार्श्वभूमीवर चित्रमालिका केली. २०१९ मध्ये मिलान येथे गुच्चीच्या सादरीकरणात मनोरुग्णांना जखडण्याच्या पोशाखासारखे कपडे आले, तेव्हा आयेशा टॅन-जोन्स या मॉडेलने मानसिक आरोग्य ही फॅशन नव्हे, अशा आशयाचे शब्द तळहातांवर लिहून मंचावरच निषेध नोंदविला. ज्याच्या अंगावर पोशाख होता, त्यानेच चित्राचा अर्थ नाकारला, हे या घटनेचे महत्त्व होय.

कायद्याची दखल

भारतातील मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ नुसार उपचार घेणाऱ्या मनोरुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतील मॉडेलची शरीराकृती संपादनाने बदलली असल्यास तसे नमूद करणे बंधनकारक आहे. पहिली तरतूद संमतीची आहे, दुसरी प्रकटीकरणाची. शैक्षणिक छायाचित्रणालाही हे दोन निकष लावता येतील.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, संपादन हा सत्याचा विपर्यासच असतो, हे गृहीतक इतिहासाला धरून नाही. संपादन नाकारणाऱ्या डायमंड यांच्या श्रद्धेने रुग्णाच्या चेहऱ्याला निदानाचे ओझे दिले. उघडपणे रचलेले चित्र मात्र ‘हे मनाचे रूपक आहे, पुरावा नव्हे’ असे सांगू शकते. अट इतकीच की, ज्याची व्यथा दाखवावयाची त्याची संमती असावी, रचना लपविलेली नसावी आणि चित्रासोबत त्या व्यक्तीचे शब्दही असावेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांत छायाचित्रण व संज्ञापन शिकविताना तंत्राच्या जोडीला राहुरीचा हा संदर्भ अभ्यासिला गेल्यास, विद्यार्थ्यांना चेहऱ्याआधी माणूस पाहण्याची शिस्त लागू शकेल.