अपृष्ठवंशी प्राणी, वसंत ऋतूतील (जुन्नर व आंबेगाव)

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत होळीपासून मृग नक्षत्र लागेपर्यंत आढळणारी फुलपाखरे, पतंग, मधमाश्या, भुंगेरे, कोळी, विंचू इत्यादी. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पण या प्राण्यांचा हंगाम फाल्गुनात पळस-पांगारा फुलतो तेव्हाच उघडतो आणि वळवाच्या सरींनंतर मिटतो, म्हणून येथे मर्यादा थोडी सैल धरली आहे. प्रदेशाची रचना ध्यानात घेतल्याशिवाय नोंदींचा अर्थ लागत नाही. पश्चिमेला नाणेघाट, जीवधन, आहुपे ही घाटमाथ्याची बाजू. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला बेल्हे-आणे पठाराकडे तो सहाशे-सातशेच्या आसपास उतरतो. मध्ये कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्यांची खोरी, आणि त्यांत कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी (माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे) बारमाही केलेली शेती. एका दिवसात मोटारीने पार होणाऱ्या या पट्ट्यात वसंताचे किमान तीन प्रकार एकाच वेळी चालू असतात.

पाहणाऱ्यांत रुळलेला समज असा, की उन्हाळ्यात इथे कीटक नसतात. पाहायचे ते श्रावण ते कार्तिक. या समजाला आधार आहे. उडत्या फुलपाखरांची संख्या पावसानंतर सर्वाधिक असते आणि तेव्हाच्या याद्या वसंतातल्या याद्यांपेक्षा लांब होतात, हे मान्य करायला हवे. परंतु ती मोजणी प्रौढ कीटकांची आहे, आणि प्रौढावस्था हा बहुतेक कीटकांच्या आयुष्याचा लहानसा भाग असतो. सह्याद्रीतली झाडे पावसाची वाट न पाहता पालवतात. मार्चमध्ये कुसुंब तांबड्या पालवीने पेटतो, पाठोपाठ करंज कोवळ्या पानांनी भरतो, मे महिन्यात बहावा फुलतो आणि पालवतो. अळीला हवे असते ते हेच कोवळे पान. जून पान तिला चावत नाही आणि त्यात पोषणही कमी असते. बहाव्याच्या नव्या पानांवर कॉमन एमिग्रंट फुलपाखराच्या हिरव्या अळ्या आणि करंजाच्या शेंड्यांवर ऑल जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या याच काळात सापडतात. पावसानंतरच्या फुलपाखरांच्या गर्दीची पायाभरणी बऱ्याच अंशी इथे होते. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते वसंत हा या भागातील कीटकवर्षाचा रिकामा काळ मानणे चूक आहे; तो अळ्यांचा, कोषांचा आणि उरलेल्या ओलाव्याभोवती जमण्याचा काळ आहे, आणि त्याची नोंद त्याच रीतीने व्हायला हवी.

तसर पतंग : या मुद्द्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत तपशीलवार पुरावा रेशमाचा आहे. दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी मुंबई सरकारने १८२४ मध्ये नेमलेले लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी पक्ष्यांच्या सूचीबरोबरच (१८३२) दख्खनमधील रानरेशमाच्या किड्याची हकीगत लिहिली. तिथे तो ‘कोलिसरा’ या नावाने येतो. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट विशेष आहे : या किड्याच्या कोषाच्या कापलेल्या पट्ट्या मराठे तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला बांधण्यासाठी वापरत, कारण त्या चामड्यापेक्षा टिकाऊ असत. लढणाऱ्या माणसांना कोष इतका परिचित होता, याचा अर्थ तो सहज हाताला लागत होता. आणि तो सर्वांत सहज दिसतो तो झाडे निष्पर्ण असताना. ऐन किंवा बोराच्या उघड्या फांदीवर कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, राखाडी-पिवळट, कडक कोष लोंबतो. तो नुसता चिकटवलेला नसतो. अळी आधी फांदीभोवती रेशमाचे कडे घालते, त्याला काळपट, ताठ देठ जोडते आणि त्या देठाला कोष टांगते. त्यामुळे पान गळाले तरी कोष पडत नाही आणि एप्रिलच्या वाऱ्यात फांदीबरोबर हलत राहतो. आत कोषस्थ जीव अन्नावाचून अनेक महिने काढतो. पाऊस जवळ आला की पतंग देठाकडच्या टोकाला स्राव सोडून धागे सैल करतो आणि बाहेर पडतो. त्याला काम करणारे तोंड नसते. जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे एवढ्यावर त्याचे थोड्या दिवसांचे आयुष्य संपते. पंखांवरच्या चार पारदर्शक खिडक्या पाहून त्याचे कौतुक होते, पण त्याच्या आयुष्याचा मोठा भाग आपण वसंतात फांदीकडे पाहिले तरच दिसतो.

यावर आक्षेप असा घेता येईल, की न हलणारा कोष म्हणजे ‘प्राणी आढळला’ असे नव्हे, आणि कोषांची मोजणी उडत्या पतंगांच्या मोजणीशी जुळवता येत नाही. दुसरा भाग बरोबर आहे. पहिला नाही : कोषात जिवंत प्राणी आहे, त्याची जागा ठरलेली आहे, त्याचे झाड ओळखता येते, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाला तो तिथेच सापडतो. उडून गेलेल्या पतंगाबद्दल हे सांगता येत नाही. शिवाय याच काळात कोष नष्टही होतात. पश्चिमेकडच्या खोऱ्यांत भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडल्या जातात आणि फांदीबरोबर कोषही जाण्याचा संभव असतो. राबाचा जंगलावरील एकूण परिणाम किती, याबद्दल मतभेद आहेत आणि शेतकऱ्याला परवडणारा पर्याय दिल्याशिवाय त्याला दोष देणे न्याय्य नाही. वणव्याबद्दल मात्र दुमत असू नये. गवताबरोबर पालापाचोळ्यातले सगळे जीवन जळते.

शेतातील नोंदी : नारायणगाव-मंचर पट्ट्यातील वसंताची माहिती निसर्गप्रेमींपेक्षा शेतकऱ्यांकडे अधिक आहे. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी झाली की फुटणारे डोळे उडद्या भुंगेरा कुरतडतो. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे, कांद्यावर फुलकिडे, टोमॅटोवर नागअळी. टोमॅटोच्या पानात व फळात शिरणारी टुटा ही दक्षिण अमेरिकेतून आलेली अळी भारतात प्रथम २०१४ मध्ये नोंदली गेली, तीही पुणे परिसरात. वळवाची पहिली चांगली सर पडली की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंब-बाभळीवर पाने खायला जमतात. फांद्या हलवून ते गोळा करणे हा उसाच्या शेतकऱ्याचा जुना उपाय आहे. ही कीड आहे, वन्यजीवन नव्हे, म्हणून यादीत नको, असे म्हटले जाते. पण कालव्याच्या पाण्याने या खोऱ्यांत मे महिन्यातही हिरवे पान उपलब्ध करून दिले, ही इथल्या कीटकसृष्टीतील कदाचित सर्वांत मोठी घडामोड आहे. ती वगळून केलेली यादी अर्ध्या तालुक्याची ठरेल.

मधमाश्या : आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोयाच्या माश्या, चारही आढळतात. जांभूळ, अंजनी आणि हिरडा फुलतात तो काळ त्यांच्या सुगीचा. आग्याची पोळी शिवनेरी, लेण्याद्री येथील कड्यांवर लोंबतात. हिरडा हे आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी, मुख्यतः महादेव कोळी, कुटुंबांचे उन्हाळी उत्पन्न असल्याने त्याच्या फुलोऱ्यावर येणाऱ्या कीटकांचा अभ्यास केवळ हौसेचा राहत नाही.

कोळी : बाभूळ-बोरीच्या काट्यांत सामाजिक कोळ्यांची मळकट, गुंतागुंतीची घरटी पूर्व भागात वर्षभर दिसतात.

विंचू : दंशाचे प्रसंग उन्हाळ्यात वाढतात. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन वापरण्याचा उपाय महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रुजवला. त्याने घाटाच्या दोन्ही बाजूंना मृत्यू कमी झाले.

काजवे : मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जोराचा पाऊस सुरू होईपर्यंत आहुपे आणि भीमाशंकर परिसरात. (भीमाशंकरचे देऊळ खेड तालुक्यात, अभयारण्याचा काही भाग आंबेगावात, अभयारण्य १९८५ मध्ये घोषित.) हिरडा, ऐन, जांभूळ अशा झाडांवर हजारो नर एका लयीत लुकलुकतात. गाड्यांच्या व विजेऱ्यांच्या उजेडात मादीचा प्रतिसाद हरवतो, म्हणून पाहणाऱ्यांनी दिवे मालवणे आवश्यक आहे. काजव्याच्या अळ्या जमिनीवर राहतात आणि गोगलगाई खातात. त्या वर्षभर इथेच असतात. दरवर्षी दोन-तीन आठवड्यांच्या प्रकाशासाठी गर्दी होते आणि त्या अळ्यांच्या जमिनीवर गाड्या लागतात, ही आजची सर्वांत तातडीची अडचण आहे.

गोगलगाई व खेकडे : या काळात मातीत वा दगडाखाली, पहिल्या मोठ्या पावसाला बाहेर पडतात.