तळटीप : ल्यूक

मूळ लेखात केवळ ‘आर्बकलचा कुत्रा’ असा ज्याचा मोघम निर्देश आहे, तो रॉस्को आर्बकल आणि त्याची अभिनेत्री पत्नी मिंटा डर्फी यांच्या घरचा ल्यूक हा बुल टेरियर होय. कीस्टोन कंपनीच्या ‘फॅटी अँड मेबल अड्रिफ्ट’ (1916) या मूकपटातही तो आहे. परंतु त्याच्या कौशल्याची खरी साक्ष पटते ती बस्टर कीटनच्या ‘द स्केअरक्रो’ (1920) या दोन रिळांच्या प्रहसनात. क्रीमने माखलेले त्याचे तोंड पाहून, कुत्रा पिसाळला अशा समजुतीने कीटन जीव घेऊन पळत सुटतो, तेव्हा छप्पर उडालेल्या पडक्या घराच्या अरुंद भिंतींच्या माथ्यावरून ल्यूक त्याचा जो अविश्रांत पाठलाग करतो, आणि शिडीची एकेक पायरी पंजांनी धरीत जो वर चढतो, त्यात माणसाच्या नकलेचा लवलेशही नाही. आमच्या मते हशा पिकतो तो याच निर्व्याज तन्मयतेमुळे. कीटनच्या अविचल मुद्रेस तोलाचा असा जोडीदार दुसरा क्वचितच लाभला असेल. सबब प्रस्तुत आवृत्तीच्या नामसूचीत ल्यूकची नोंद प्राण्यांच्या सदरात न करता नटवर्गातच केली आहे. — संपादक