मोट गेली, मोटर आली. पाना कोणाच्या हाती?



मागच्या उन्हाळ्यात मोताळ्यातल्या आमच्या गटाच्या भाजीच्या वाफ्यांवरची मोटर नुसती घुमायला लागली. पाणी काही येईना. शहरात दुरुस्तीला नेली, ती आठ दिवसांनी परत आली. तोवर मिरचीच्या रोपांनी माना टाकल्या, आणि आम्ही हंड्यांनी पाणी वाहून वाफे जगवले. तेव्हा गटातल्या थोरल्या आजी म्हणाल्या, "आमच्या वक्ताले मोट फाटली त गावातच शिवून भेटे."

त्यावरून आमचं पुष्कळ बोलणं झालं. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. बैलजोडी धावेवरून उतरली की ती भरून वर येई आणि थारोळ्यात रिकामी होई. मोट शिवणारा, चाक बसवणारा सुतार, नाडा-सोंदूर वळणारे हात, सगळे गावातच. काय बिघडलं तेही डोळ्यांना दिसे.

मग पंप आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. तिथे आधी लोखंडी नांगर होत, १९२६ पासून पंपही होऊ लागले. वीज नव्हती तिथे पंप ऑइल इंजिनावर चाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. पुढे शिवारात वीज पोचली, तशी विहिरीवर मोटर बसली. बैल सुटले.

पण काठावरून ओढणाऱ्या पंपालाही मर्यादा असते. हवेचा दाब पाणी वर ढकलतो, त्यामुळे ७-८ मीटरच्या खालचं पाणी तो नीट ओढत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर झाले. पाणी खोल गेलं, मग मोटरच पाण्यात उतरली. ती बिघडली तर सगळे पाइप वर काढावे लागतात. पाणी खोल गेलं, तशी दुरुस्तीही आपल्या हातापासून लांब गेली.

याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. पंप आणि बायकांचं मासिक एकाच गावचे, पण आमच्या घरांत त्यांची गाठ पडली नाही. मोटरीचं बटण आमच्याकडे आलं, पाना आला नाही.

यंदा मोटर पुन्हा घुमली, तेव्हा गावातल्या मिस्त्रीदादांना शेजारी बसवून आम्हीच ती उघडली. आधी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून घेतला. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून दादांनी तो मोकळा करेपर्यंत वायरींना हात लावला नाही. पंपाच्या दोन्ही भागांवर खडूने खूण केली. नट ज्या क्रमाने निघाले, त्याच क्रमाने ताटात मांडले. झाकण निघालं, आणि आतल्या पंख्यात अडकलेला हरभऱ्याएवढा खडा दिसला. विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हची जाळी फाटली होती, तिथून तो आत शिरला होता.

खडा काढला, जाळी बदलली, नवा वायसर घातला. शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, पंपात पाणी भरलं आणि बटण दाबलं. पाणी आलं.

वाइंडिंग जळालं तर आम्हांला अजूनही शहरातच जावं लागेल. पण एक खडा काढायला आता आठ दिवस लागणार नाहीत. मैत्रिणींनो, तुमची मोटर नुसती घुमली, तर आधी बटण बंद करा, आणि मिस्त्री आले की लांब उभ्या राहू नका. जवळ बसून बघा.