शाळामास्तर ज्योतिर्विद : कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

संक्रांतीचे हळदीकुंकू, वटपौर्णिमा, गौरी-गणपती हे आपल्या घरचे सारे सण पंचांगावर चालतात. ते पंचांग आकाशाशी जुळते की नाही, हे पडताळण्यात एका शिक्षकाने आपले आयुष्य वेचले, हे फार थोड्या भगिनींना ठाऊक असेल.

कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिक्षक होऊन त्यांनी रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि अखेर पुणे येथे विद्यादान केले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. बदलीच्या गावी वेधशाळा तरी कुठली असणार! तरी शाळा सांभाळून त्यांनी ज्योतिषगणिताचा व्यासंग चालविला. सामान्य वाचकांना आकाशाची गोडी लागावी म्हणून ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक लिहिले.

त्यांचा आग्रह कोणता होता? सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. आपली संक्रांत मात्र येते १४ जानेवारीच्या सुमारास. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा संथ डोलतो, त्यामुळे संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. जुन्या गणितात ही सरक धरलेली नसल्याने चुकामूक वाढत जाते. ती अशीच वाढली, तर काही हजार वर्षांनी वसंतातला पाडवा भर पावसाळ्यात येईल! म्हणून ऋतूंशी जुळणारे सायन पंचांग दीक्षितांनी विसाजी रघुनाथ लेले आदी विद्वानांसह पुरस्कारिले. व्रतांचे दिवस बदलणे लोकांना रुचले नाही. तरीही दीक्षित आपल्या मतापासून ढळले नाहीत.

त्यांच्या गणिताची योग्यता विद्वानांनी ओळखली. फ्लीट यांच्या १८८८ च्या गुप्त शिलालेखांच्या ग्रंथात कालनिर्णयाचे गणित दीक्षितांचे आहे. १८९६ साली सेवेल यांच्यासह लिहिलेला ‘इंडियन कॅलेंडर’ आणि मराठीतील ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हे दोन मोठे ग्रंथ प्रसिद्ध झाले. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून त्यांनी तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा ठरविला. पुढे भारत सरकारच्या हवामान खात्याने या मराठी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

१८९८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने जे राष्ट्रीय पंचांग सुरू केले, त्याचे वर्ष ऋतूंना धरून सायन मानाचे आहे. सणवार मात्र जुन्या रीतीनेच राहिले. दीक्षितांचा अर्धा आग्रह असा सफळ झाला. उरलेल्या अर्ध्याचा विचार ज्या घरांत सण साजरे होतात, त्या घरांनीच करावयाचा आहे.

शिक्षकाचे खरे स्मारक म्हणजे त्याने लावलेली जिज्ञासा. भगिनींनो, हिवाळ्यातील एखाद्या निरभ्र रात्री मुलांना गच्चीवर नेऊन कृत्तिकांचा पुंजका अवश्य दाखवा, आणि या शाळामास्तराचे नावही त्यांना सांगा.