पत्रावळ, डबा आणि पार्सल

मंडळी, आपल्या पंगतीला पूर्वी पळसाची पत्रावळ असे. जेवणे उठली की ती उकिरड्यावर जाई आणि तिचे खत शेताला मिळे. मुंबईत १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याची व्यवस्था उभी केली. तो डबा आजही रिकामा होऊन घरी परततो. पुण्याच्या हॉटेलातून आणलेल्या पार्सलचे प्लास्टिक मात्र ना मातीत मिसळते, ना परत जाते. शहराचा असा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी आला. तिथल्या विहिरी नासल्या. २०१८ साली राज्याने प्लास्टिकच्या ताटवाट्यांवर बंदी घातली. पण नुसता कायदा किती पुरणार? पार्सल आणायला निघालात, की घरचा डबा बरोबर घ्या. गुरुजी, एवढे वर्गात जरूर सांगा.