फ्यूचरा बोल्ड ऑब्लिक : कललेल्या अक्षरांची मालकी कुणाची?

लाल पट्टीवर पांढऱ्या, जाड, उजवीकडे झुकलेल्या इंग्रजी अक्षरांत एखाद-दुसरा शब्द. मुंबई-पुण्याच्या पदपथांवर विकल्या जाणाऱ्या टी-शर्टांवरही आढळणारी ही अक्षरे 'फ्यूचरा' या टंककुळातील ठळक आणि तिरप्या वळणाची आहेत.

जर्मन अक्षररचनाकार पॉल रेनर यांचा फ्यूचरा हा टंक फ्रँकफुर्टच्या बाउर ओतशाळेने १९२७ मध्ये बाजारात आणला. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन यांवर बेतलेल्या या अक्षरांच्या टोकांना आडव्या रेघोट्या नाहीत. तिरपे वळण त्यानंतर आले.

हे वळण रूढ अर्थाने 'इटॅलिक' नव्हे. इटॅलिकचा उगम हस्ताक्षरात असल्याने त्यात अक्षरांचे रूपच पालटते. फ्यूचरात उभे अक्षर केवळ कलते, म्हणून ते 'ऑब्लिक'. मात्र हे काम वाटते तितके सोपे नाही. रोमन 'ओ' नुसता यंत्राने कलवला, तर त्याची रेघ उजवीकडे वर व डावीकडे खाली जाड होते आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक पडते. ठळक अक्षरात हा दोष अधिकच खुपतो. तो रचनाकाराला हातानेच निस्तरावा लागतो. (देवनागरीला तिरप्या अक्षराची परंपरा नाही. संगणक मराठी अक्षरे कलवतो तेव्हा शिरोरेखा आडवीच राहते आणि दंड तेवढे झुकतात. ते दृश्य फारसे सुखद नसते.) जाड रेघांमुळे अक्षरांतील पोकळी लहान होते, त्यामुळे हा टंक मथळा, भित्तिपत्रक व बोधचिन्ह यांनाच शोभतो, सलग मजकुराला नाही.

नियतकालिकांच्या मांडणीचा अनुभव असलेल्या अमेरिकी चित्रकर्ती बार्बरा क्रुगर यांनी कृष्णधवल छायाचित्रांवर ही अक्षरे बसवून त्यांना वेगळाच आवाज दिला. गर्भपाताच्या हक्कासाठी १९८९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या महिलांच्या मोर्चासाठी त्यांनी केलेले भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे. पुढे १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम' हे स्केटबोर्डचे दुकान निघाले. त्याच्या बोधचिन्हावर क्रुगर यांच्या शैलीची छाप उघड दिसते. त्यातील अक्षरे फ्यूचराच्याच 'हेवी ऑब्लिक' या वळणातील आहेत.

गंमत पुढेच आहे. आपल्या चिन्हाचे विडंबन केल्यावरून २०१३ मध्ये याच सुप्रीमने 'मॅरीड टू द मॉब' या स्त्रियांच्या कपड्यांच्या नाममुद्रेवर १ कोटी डॉलरचा दावा ठोकला. प्रकरण त्याच वर्षी तडजोडीने मिटले. अमेरिकी कायद्यात टंकाच्या आकाराला स्वामित्वहक्क मिळत नाही. संरक्षण मिळते ते टंकाच्या संगणकीय आज्ञावलीला आणि नोंदणीकृत व्यापारचिन्हाला. म्हणजे जिच्या शैलीवरून चिन्ह घेतले ती कलावती या भांडणाबाहेरच राहिली. पत्रकारांकडे तिखट शब्दांत दोन्ही पक्षांची संभावना करून क्रुगर तेव्हा थांबल्या. २०१७ मध्ये मात्र त्यांनी न्यूयॉर्कच्या 'परफॉर्मा' कला महोत्सवात एक दुकानच थाटले आणि तेथे आपल्या अक्षरांतील टी-शर्ट व स्केटबोर्ड विक्रीस ठेवले.