शनिवारवाड्याची पायाभरणी मंगळवारी झाली होती का?

मागच्या महिन्यात बाहेरगावच्या विद्यापीठातली एक मैत्रीण पुण्यात आली होती. तिला शनिवारवाडा दाखवायला घेऊन गेले. इतकी वर्षं पुण्यात राहून मी स्वतः आत फारशी गेलेलीच नव्हते. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे बघून झाले, आत शिरलो, आणि समोर हिरवळ नि दगडी जोती बघून ती म्हणाली, "वाडा कुठाय?"

प्रश्न बरोबर होता. तटबंदी आहे, दरवाजे आहेत, दरवाज्यावरचा नगारखाना आहे. पण आतले महाल मुख्यतः लाकडाचे होते आणि १८२८ सालच्या आगीत ते जळून गेले. दगड राहिला, लाकूड गेलं. त्यामुळे जे उरलंय त्यावरून वाड्याची कल्पना करायची, तर आपल्या डोळ्यांसमोर एक रुक्ष किल्ला उभा राहतो. घर उभं राहत नाही. संशोधनात ही चूक आपण नेहमी करतो. जो नमुना टिकला, तोच सगळ्यांचा प्रतिनिधी असं धरून चालतो.

आम्ही एका जोत्यावर बसलो आणि खेळ सुरू केला. इथे काय चालत असेल सकाळी? कोण झोपत असेल, कोण लिहीत असेल? (खरं तर हा राजाचा वाडाही नव्हे. छत्रपती साताऱ्याला, पेशवे त्यांचे प्रधान. पण सत्ता इथून चालायची, म्हणून हे घरही होतं आणि कचेरीही.) बोलता बोलता मी तिला सांगितलं, की पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला, शनिवारी, पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ ला, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत झाली. म्हणून शनिवारवाडा.

ती म्हणाली, "वार तपासलायस का कधी?"

फोन म्हणाला मंगळवार

तिथेच फोनवर तारीख टाकली. १० जानेवारी १७३० : मंगळवार. २२ जानेवारी १७३२ : तोही मंगळवार! खरं सांगते, मला आनंद झाला. तीनशे वर्षं सगळे सांगतायत आणि चूक सापडली कोणाला, तर मला. घरी येऊन पायथनमध्ये दोन ओळी लिहून पुन्हा तपासलं. उत्तर तेच. "शनिवारवाड्याचा शनिवार खोटा" असं शीर्षक टाकून ह्या ब्लॉगसाठी अर्धा लेख लिहूनही ठेवला.

झोपताना एक गोष्ट खटकली. दोन्ही तारखा चुकल्या असतील तर चुकू देत, पण दोन्ही एकाच वारावर कशा येतात? चूक अशी शिस्तीत येत नाही. शिस्तीत आली, तर बहुधा दोष मोजपट्टीत असतो.

आणि तसंच होतं. आपला फोन आजची ग्रेगरियन दिनदर्शिका सरसकट मागे ओढत नेतो. पण इंग्रजांनी ही दिनदर्शिका स्वीकारली १७५२ मध्ये. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ सप्टेंबर आला. त्याआधीच्या मराठी इतिहासातल्या इंग्रजी तारखा बऱ्याचदा जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीने दिलेल्या असतात. आपल्या तारखेत ११ दिवस मिळवा : २१ जानेवारी १७३०. वार शनिवार. दुसरीचंही तसंच : २ फेब्रुवारी १७३२, शनिवार.

एवढ्यावर थांबायचं नाही. हे उत्तर मला सोयीचं होतं म्हणून मी मानलं, असं नको. स्वतंत्र पुरावा हवा. तो तिथीत मिळतो. पायाभरणीची तिथी माघ शुद्ध तृतीया, शके १६५१ अशी दिली जाते. चंद्राला कोणाची दिनदर्शिका ठाऊक नसते. आजच्या एखाद्या अमावास्येपासून साडेएकोणतीस दिवसांचे फेरे (नेमकं सांगायचं तर २९.५३०५९ दिवसांचे) मागे मोजत गेलात, तर २१ जानेवारी १७३० ला तृतीयाच येते. तारीख नव्या पद्धतीची धरली असती, तर चंद्र पौषाच्या वद्य पक्षात सापडला असता. वार आणि तिथी दोन्ही जुळल्या. अर्धा लेख पुसला.

चूक इतिहासाची नव्हती, माझ्या उपकरणाने न सांगता धरलेल्या गृहीतकाची होती. आणि मग वाटलं, जोत्यावर बसून आम्ही जी कल्पना करत होतो, तिच्यात अशी किती न सांगितलेली गृहीतकं होती?

कारंजं किती उंच उडेल?

पहिलं सापडलं हजारी कारंज्यात. सोळा पाकळ्यांचं हे कमळ बघितलं, की आपल्या डोळ्यांसमोर दिवसभर उंच उडणारं पाणी येतं. हे चित्र विजेच्या पंपाच्या काळातलं आहे. तेव्हा पंप कुठला? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून बंदिस्त नळातून पाणी शहरात आणलं, ते निव्वळ उतारावर. वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधलेले, म्हणजे नळातली हवा बाहेर पडावी आणि गाळ खाली बसावा.

भौतिकशास्त्र इथे सोपं आहे. पंप नसेल, तर कारंज्याचं पाणी ज्या साठ्यातून येतं त्याच्या पातळीच्या वर उडू शकत नाही. नळातल्या घर्षणाने त्यातलीही उंची कमी होते. शिवाय नावात हजार असले तरी तोट्या दोनशेच्या आसपास, आणि येणारं पाणी सगळ्यांत वाटलं जाणार. कात्रजच्याच पाण्यावर काळा हौद, बदामी हौद असे गावातले हौदही भरत. म्हणजे कारंजं किती वेळ चालू ठेवायचं, हा गावाच्या पिण्याच्या पाण्याशी जोडलेला प्रश्न होता. बघा, एका समीकरणाने चित्र पुसलं नाही, उलट त्यात माणसं आली.

दुसरं गृहीतक नारायणरावांच्या खुनाचं. लोक सांगतात तेव्हा नेहमी काळोखी रात्र असते. प्रत्यक्षात ३० ऑगस्ट १७७३ ला सोमवारी भरदुपारी ते घडलं. (ही तारीख १७५२ नंतरची, म्हणून फोनचा वार इथे चालतो.) भीती रात्रीच वाटते, हे आपलं गृहीतक.

मी कुठे बसले होते?

तिसरं गृहीतक मात्र लागलं. त्या सबंध खेळात मी कारंज्याच्या काठावर बसलेली होते. मैत्रीण दिवाणखान्यात. दोघींपैकी एकीनेही स्वतःला पाणी भरताना, भांडी घासताना, दिवे पुसताना पाहिलं नाही.

आणि अशा वाड्यात बहुसंख्य माणसं तीच असणार. मुदपाकखाना, कोठी, फरासखाना, पागा, दफ्तर : शेकडो हात. त्यांत कुणबिणीही होत्या, म्हणजे विकत घेतलेल्या गुलाम स्त्रिया. पेशवेकाळातल्या कागदांत त्यांच्या किमतीच्या नोंदी सापडतात. त्यांनी स्वतः लिहिलेलं काही सापडत नाही. दफ्तर खर्च टिपतं, थकवा टिपत नाही.

पेशवे दफ्तरातले मोडी कागद पुण्यातच आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ मध्ये त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. काम अफाट आहे, पण "निवडक" हा शब्द विसरू नका. निवड म्हटली की निकष आला, आणि निकषाबाहेर कोणीतरी राहिलं. लाकूड जळालं तसंच हेही. टिकलेल्या कागदावरून सगळ्या वाड्याची कल्पना करू गेलात, तर पुन्हा जोत्यालाच वाडा समजाल.

मग कल्पना करूच नये का? माझ्या मते जरूर करावी. तुम्ही संशोधन प्रस्तावात जे गृहीतक लिहिता, ती कल्पनाच असते. फरक एवढाच, की ती कशामुळे खोटी ठरेल हे तिच्या शेजारी लिहावं लागतं. "कारंजं उंच उडायचं" याच्या शेजारी साठ्याची पातळी लिहा. "इथे शांतता असेल" याच्या शेजारी पागा आणि नगारखाना लिहा. आणि आपण स्वतःला कुठे बसवलंय, तेही लिहा.

प्रवेश परीक्षेच्या तयारीतून एक संध्याकाळ काढा. तुमच्या गावातल्या वाड्यावर, देवळावर कोरलेली १७५२ च्या आधीची एखादी तिथी-वाराची नोंद घ्या आणि जुळवून बघा. जुळली नाही, तर लगेच आनंद मानू नका. आधी मोजपट्टी तपासा. मी अर्धा लेख लिहून बसले होते.